कणभौतिकी शिकायचीय: ग्रिफिथ्स, थॉमसन की त्याआधी आणखी काही?

लोलक

टेबलावर सध्या कणभौतिकीची तीन पुस्तकं आहेत आणि तिन्हींतल्या वाचनखुणा पहिल्या पन्नास पानांतच अडकल्यात. चौथं घेण्याआधी इथे विचारावं म्हटलं.

माझी पार्श्वभूमी: विद्युत अभियंता, पदवीला बावीस वर्षं झाली. कॅल्क्युलस अजून हाताला आहे. मॅट्रिक्स आणि फूरिये तर रोजचेच. क्वांटम मेकॅनिक्स म्हणाल तर 'डब्यात बंद कण' हे परीक्षेपुरतं पाठ केलेलं गणित, त्यापलीकडे पाटी कोरी. सापेक्षतेतलं जुळ्या भावांची गोष्ट आणि ई बरोबर एमसी वर्ग एवढंच. हा विषय सोप्या भाषेत सांगणारी पुस्तकं मात्र भरपूर वाचलीत. क्वार्कचे रंग, हिग्जचं क्षेत्र, प्रतिकण, सगळ्या गोष्टी माहीत आहेत. पण परवा मुलीनं विचारलं, "बाबा, हिग्ज बोसॉन सापडला म्हणजे त्यांनी नक्की काय मोजलं?" आणि मी दहा मिनिटं बोलूनही उत्तर दिलंच नाही, हे तिलाही कळलं आणि मलाही.

पहिली चूक सांगून टाकतो. कुठल्याशा यादीत पहिल्या क्रमांकावर होतं म्हणून पेस्किन-श्रोडर आणलं. पहिल्याच प्रकरणात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी नष्ट होऊन म्यूऑनची (इलेक्ट्रॉनच्याच जड भावंडाची) जोडी जन्मते. वाक्यं समजत होती, पण एका ओळीवरून पुढची ओळ कशी आली ते कळत नव्हतं.

वेळ रोज रात्री तासभर. निदान एक खरी गोष्ट स्वतःच्या हातानं मोजून काढता यावी, एवढीच इच्छा. कोणतं पुस्तक घेऊ आणि त्याआधी काय?

मितभाषी

ग्रिफिथ्स, 'इंट्रोडक्शन टू एलिमेंटरी पार्टिकल्स'. दुसरी आवृत्ती.

उचापती

झालं, मितभाषींनी धागा संपवला. चला घरी.

थट्टा बाजूला. लोलक काका, मी सध्या पदव्युत्तर पहिल्या वर्षाला आहे आणि आम्हाला थॉमसनचं 'मॉडर्न पार्टिकल फिजिक्स' आहे. २०१३ चं, नवंकोरं, रंगीत आकृत्या, गणितातली एकही पायरी गाळलेली नाही. ग्रिफिथ्सपण छानच, त्यात हिग्जचा शोधही आलाय. पण माझं मत थॉमसनला.

आणि पेस्किन-श्रोडर पहिलं पुस्तक म्हणून घेणं म्हणजे पोहायला शिकायचं म्हणून थेट धरणात उडी. ते क्वांटम क्षेत्र सिद्धांताचं पुस्तक आहे हो, कणांची तोंडओळख करून देणारं नाही.

चिकित्सक

एक दुरुस्ती. ग्रिफिथ्सची दुसरी आवृत्ती २००८ ची आणि हिग्जच्या शोधाची घोषणा ४ जुलै २०१२ ची. त्यामुळे शोध त्यात असणं शक्य नाही. हिग्जची यंत्रणा (कणांना वस्तुमान कसं मिळतं याचा सिद्धांत) गेज सिद्धांतांच्या प्रकरणात आहे, ती वेगळी गोष्ट. पुस्तक न उघडता शिफारस करण्याची साथ आहे सगळीकडे.

उचापती

मान्य, यंत्रणा आणि शोध यात माझी गल्लत झाली. पुस्तक उघडलं होतं हो, शेवटापर्यंत पोचलो नव्हतो.

पिंगळा

लोलक, मी हा विषय बरीच वर्षं शिकवतो. पुस्तकाचं नाव सांगायच्या आधी मी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारतो, तेच तुम्हालाही विचारतो. कागद घ्या.

पहिला. म्यूऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६० मीटर जातो. मग सुमारे १५ किलोमीटर उंचीवर, हवेत वैश्विक किरणांच्या टकरींतून जन्मलेले म्यूऑन जमिनीपर्यंत पोचतात कसे? 'वेळ मंदावते' हे उत्तर मला नको. म्यूऑनवर बसून पाहिलं तर काय दिसेल ते सांगा आणि दोन्हीकडून आकडा एकच येतो हे दाखवा.

दुसरा. एका इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचा अंगभूत कोनीय संवेग) झेड दिशेला 'वर' आहे. तो एक्स दिशेला मोजला, मग पुन्हा झेड दिशेला मोजला. पुन्हा 'वर' येण्याची शक्यता किती?

दोन्हींची उत्तरं न अडखळता आली तर आजच ग्रिफिथ्स उघडा. नाहीतर कणभौतिकीचं कुठलंही पुस्तक आणा, चाळिसाव्या पानावरच थांबाल. पुस्तकात खोट नसते, या विषयाच्या खाली सापेक्षता आणि क्वांटम असे दोन मजले आहेत आणि प्रत्येक लेखक ते आधीच बांधलेत असं धरून तिसऱ्यापासून सुरुवात करतो.

सापेक्षतेसाठी टेलर आणि व्हीलर यांचं 'स्पेसटाइम फिजिक्स'. सुरुवातीलाच दोन भूमापकांची गोष्ट आहे. एक दिवसा होकायंत्र बघून उत्तर दिशा ठरवतो, दुसरा रात्री ध्रुवतारा बघून. दोघांचे आकडे जुळत नाहीत, पण दोन खांबांमधलं अंतर दोघांचंही एकच निघतं. ही गोष्ट अंगात मुरली की चतुःसदिश (काळ आणि अवकाश एकत्र धरणारा चार घटकांचा सदिश) म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. अख्खं पुस्तक वाचू नका. ऊर्जा आणि संवेग एकाच सदिशाचे घटक आहेत इथपर्यंत या आणि थांबा.

क्वांटमसाठी याच ग्रिफिथ्सचं क्वांटम मेकॅनिक्सचं पुस्तक आहे, त्यातलं स्पिनपर्यंत. म्हणजे चौथं प्रकरण. हायड्रोजनच्या अणूची लांबलचक समीकरणं सोडवताना कंटाळा आला तर ती चाळून पुढे जा, पण कोनीय संवेग आणि स्पिन यांतली एकही ओळ सोडू नका. तुम्ही अभियंता आहात, पाउली मॅट्रिक्स दोन-बाय-दोनच्या आहेत, तुम्हाला त्या खेळण्यासारख्या वाटतील.

बखरकार

पिंगळासर, अहो माणूस रात्री तासभर काढून वाचणार आहे. तुम्ही त्याला पायाच खणायला लावलात. कणांची गाठ पडेपर्यंत वर्ष जाईल आणि हौस विरून जाईल.

माझा रस्ता वेगळा. स्टीव्हन वाइनबर्ग यांचं 'द डिस्कव्हरी ऑफ सबॲटॉमिक पार्टिकल्स' घ्या. इलेक्ट्रॉन, अणुकेंद्र, प्रोटॉन, न्यूट्रॉन एवढाच त्याचा आवाका, पण प्रत्येक शोधामागचा प्रयोग आकड्यांसकट. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी कॅथोड किरण विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून वाकवून प्रभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर कसं काढलं, ते तुम्ही स्वतः पुन्हा काढू शकता. शाळेतली बीजगणितं पुरतात आणि लागणारं भौतिकशास्त्र मध्ये मध्ये थांबून लेखकच शिकवतो. 'स्वतःच्या हातानं मोजणं' इथून सुरू होतं.

दुसरं, फाइनमनचं 'क्यूईडी'. चार व्याख्यानं, १९८५. झोपण्यापूर्वी वाचण्यासारखं.

चिकित्सक

क्यूईडी झोपण्यापूर्वी? आणि लोलक स्वतःच लिहितात की अशी पुस्तकं त्यांनी भरपूर वाचलीत. आणखी एक वाचून काय होणार? वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं, मिटलं की पाटी पुसलेली. त्यांना गोळी हवीय ती गणिताची.

बखरकार

बाकीच्या पुस्तकांबद्दल तुमचं म्हणणं पटतं, या एका बाबतीत नाही. काचेवरून प्रकाश परत फिरतो तो साधारण चार टक्के. काचेला दोन पृष्ठभाग असले तर काचेच्या जाडीनुसार तो शून्यापासून सोळा टक्क्यांपर्यंत कमीजास्त होतो. चार आणि चार मिळून सोळा कसे? फाइनमन उपमा देऊन पळ काढत नाही. तो छोटे बाण काढायला लावतो, एकापुढे एक जोडायला लावतो आणि उरलेल्या बाणाच्या लांबीचा वर्ग करायला लावतो. दोन सारखे बाण एका रेषेत आले की लांबी दुप्पट, वर्ग चौपट, म्हणून सोळा. संमिश्र संख्या हा शब्द न उच्चारता तो खरंखुरं गणित करून घेतो. पुढे फाइनमन आकृत्यांमध्ये जे करायचं असतं ते हेच.

लोलक, तुम्हाला तर हे फेझर (एसी विद्युतप्रवाहाच्या गणितातले लांबी आणि कोन असलेले बाण) म्हणून माहीतच असणार.

लोलक

अरे, हे फेझरच की! बावीस वर्षं हेच करतोय मी. हे आधी कुणी का सांगितलं नाही?

पिंगळासर, तुमच्या दोन प्रश्नांचा निकाल: पहिला अर्धा आला (जमिनीवरून आला, म्यूऑनवर बसून नाही), दुसरा अजिबात नाही. मी छातीठोक 'शंभर टक्के' लिहिलं होतं. उत्तर शोधून पाहिलं, पन्नास आहे. म्हणजे पाया खणणं आलंच.

कातरवेळ

उशिरा येतेय. मी काही वर्षं शोधकयंत्रांवर काम केलंय, आता दुसऱ्या क्षेत्रात आहे. वर कुणी फारसं न बोललेल्या काही गोष्टी सांगते.

लोलक, आधी तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर, कारण पुस्तक निवडायचं सूत्र त्यातच आहे. सर्नच्या एलएचसी या कणत्वरकाच्या २७ किलोमीटरच्या वर्तुळात प्रोटॉन आदळतात. हिग्ज जन्मला तरी तो लगेच फुटतो, यंत्राला तो स्वतः कधीच दिसत नाही. शंभर-दोनशे कोटी टकरींत एखादा हिग्ज, आणि त्यातलेही हजारात साधारण दोनच दोन फोटॉनांत फुटतात. मग करायचं काय? जिथे दोन जोरदार फोटॉन दिसले तिथे त्यांच्या ऊर्जा मोजायच्या आणि त्यांच्यातला कोन. दोन ऊर्जांचा गुणाकार, त्याला दोननं गुणायचं, मग एक वजा कोनाच्या कोसाइननं, आणि वर्गमूळ. हे आलं त्या जोडीचं वस्तुमान. असे लाखो आकडे आलेखावर टाकले की बहुतेक जोड्या इकडच्यातिकडच्या असतात, त्यांचा नुसता उतार दिसतो. पण १२५ जीईव्हीपाशी (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक, कणांची वस्तुमानंही त्यातच मोजतात) त्या उतारावर एक छोटासा उंचवटा आला. तोच हिग्ज, निदान या वाटेनं सापडलेला. ('चार लेप्टॉन' ही दुसरी वाट, तिथेही हिशोब तोच.)

यात क्षेत्र सिद्धांत कुठे आला? कुठेच नाही. नुसती चतुःसदिशांची बेरीज. ग्रिफिथ्सच्या तिसऱ्या प्रकरणातलं गणित. म्हणून पिंगळासरांच्या पहिल्या अर्ध्या सल्ल्याशी मी शंभर टक्के सहमत, दुसऱ्या अर्ध्याशी नाही. सापेक्षता आधी हवीच. क्वांटम पूर्ण व्हायची वाट बघू नका. ग्रिफिथ्सची पहिली तीन प्रकरणं तुम्ही स्पिनशिवाय पार करू शकता आणि तोपर्यंत हातात खरे आकडे आलेले असतील. क्वांटमचं पुस्तक शेजारी उघडं ठेवा, चौथं प्रकरण येईपर्यंत स्पिनपर्यंत पोचा.

आता सापळे.

एक, एककं. बहुतेक लेखक एच-बार (प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय) आणि सी (प्रकाशाचा वेग) दोन्ही 'एक' धरतात, मग वस्तुमान, ऊर्जा, संवेग सगळं जीईव्हीत आणि अंतर चक्क एक भागिले जीईव्हीत. थॉमसनही तसंच करतो. ग्रिफिथ्स मात्र एच-बार आणि सी समीकरणांत ठेवतो. नवख्याला हे फार बरं पडतं. दोन्हींत गोंधळ झाला की एकच आकडा लक्षात ठेवायचा: एच-बार गुणिले सी म्हणजे १९७ एमईव्ही-फर्मी (एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग, फर्मी म्हणजे दहाचा उणे पंधरावा घात मीटर). युकावानं १९३५ साली केंद्रकातलं बल वाहणारा कण सुचवला. त्याचं वस्तुमान १४० एमईव्ही धरा आणि १९७ ला त्यानं भागा. १.४ फर्मी. केंद्रकातल्या बलाचा पल्ला खरोखरच तेवढा आहे. तोच हिशोब क्षीण बल वाहणाऱ्या डब्ल्यू बोसॉनच्या ८०.४ जीईव्हीनं करून बघा, पल्ला हजारांश फर्मीत जातो. क्षीण बल इतकं क्षीण का भासतं याचं निम्मं उत्तर त्या भागाकारात आहे.

दोन, चिन्हं. अवकाश-काळाच्या वर्गात कुणी काळाला अधिक लावतं, कुणी अवकाशाला. आकृतीत कुणी वेळ डावीकडून उजवीकडे काढतं, कुणी खालून वर. दोन पुस्तकं एकदम वाचणारे इथेच बुडतात. कुठलंही घ्या, पण गणितं एकाच पुस्तकातली करा.

तीन, जुनी पुस्तकं. हाल्झेन-मार्टिनचं 'क्वार्क्स अँड लेप्टॉन्स' १९८४ चं. डब्ल्यू आणि झेड आदल्याच वर्षी सापडले होते, टॉप क्वार्क सापडायला अजून अकरा वर्षं होती आणि न्यूट्रिनोंना वस्तुमान आहे हे कळायला चौदा. तरी त्यातलं प्रोटॉनच्या आतलं चित्र अजूनही मला सगळ्यात आवडतं. जुनं म्हणून टाकू नका, पण त्यातलं 'अजून सापडलेलं नाही' हे वाक्य खरं धरू नका. वस्तुमानं, आयुष्यं, कुठला कण कशात किती टक्के वेळा फुटतो, यासाठी पार्टिकल डेटा ग्रुपची सारणी बघायची. संकेतस्थळावर फुकट आहे आणि व्यवसायातला प्रत्येक माणूस तीच वापरतो. कण ओळखायचे तर मी म्हणेन तिच्यासारखी कादंबरी नाही.

उचापती

कातरवेळताई, कोठाराचा किस्सा राहिला! टकरीची शक्यता क्षेत्रफळात मोजतात आणि त्याच्या एककाचं नाव बार्न, म्हणजे धान्याचं कोठार. युद्धकाळात केंद्रकांवर काम करणाऱ्यांना युरेनियमचं केंद्रक नेम धरायला कोठाराएवढं मोठं वाटलं, म्हणून. एक बार्न म्हणजे दहाचा उणे अठ्ठाविसावा घात चौरस मीटर. आमच्या वर्गात हे कळल्यावर पाच मिनिटं तास थांबला होता.

पिंगळा

कातरवेळ, तुमचं म्हणणं पटलं. शिकवताना मी वर्गाला धरून विचार करतो, तिथे अर्ध्यातून मागे फिरायची सोय नसते. एकट्यानं शिकणाऱ्याला ती असते.

ग्रिफिथ्स की थॉमसन याबद्दल मात्र बोलायचंय, कारण 'दोन्ही छान' हे उत्तर कुणाच्याच कामाचं नाही.

माझी एक कसोटी आहे. धन पायॉन (युकावानं सुचवलेला तोच कण) फुटतो तेव्हा जवळजवळ नेहमी धन म्यूऑन आणि न्यूट्रिनो मिळतात. पॉझिट्रॉन आणि न्यूट्रिनो क्वचित, साधारण आठ हजारांत एकदा. खरं तर उलट व्हायला हवं. पॉझिट्रॉन हलका, त्याच्यासाठी ऊर्जा भरपूर उरते, वाट मोकळी. मग निसर्ग जड म्यूऑनच का निवडतो? कणभौतिकीचं नवं पुस्तक हातात आलं की मी थेट याचं स्पष्टीकरण काढतो.

उत्तर थोडक्यात असं. पायॉनला स्पिन नाही, त्यामुळे विरुद्ध दिशांना सुटणाऱ्या दोन कणांचे स्पिन एकमेकांना खोडायला हवेत. न्यूट्रिनो नेहमी डावखुरा (म्हणजे स्पिन गतीच्या उलट दिशेला), म्हणून जोडीदारालाही डावखुरं व्हावं लागतं. पण क्षीण बलाला प्रतिकण उजवा हवा असतो. कण जितका हलका, तितका तो प्रकाशाच्या वेगाजवळ आणि तितका हा नियम कडक. पॉझिट्रॉन इतका हलका की त्याला वाट जवळपास बंदच. म्यूऑन जड, संथ, त्याला सूट मिळते.

ग्रिफिथ्समध्ये हे येतं ते हिशोबाच्या वाटेनं. गणित करत जाता, गुणोत्तरात वस्तुमानाचा वर्ग उगवतो आणि मग तो गप्पा मारत सांगतो की बघा, असं का झालं. थॉमसन स्पिनच्या प्रत्येक जुळणीचा हिशोब वेगळा मांडायची सवय आधीपासूनच लावतो, त्यामुळे त्याच्याकडे उत्तर गणिताआधीच दिसू लागतं. ग्रिफिथ्स ट्रेसच्या (मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या घटकांच्या बेरजेच्या) युक्तीनं सगळे स्पिन एका झटक्यात बेरजेत गुंडाळतो. हिशोब सुटसुटीत, पण भौतिकी त्या बेरजेत लपते. हा माझ्या मते त्याचा एकमेव मोठा दोष.

पण थॉमसन चौथ्या प्रकरणातच डिरॅकचं समीकरण (इलेक्ट्रॉनसारख्या स्पिनवाल्या कणांचं, सापेक्षतेसकट) काढतो. लोलक तिथे पुन्हा अडकतील. ग्रिफिथ्स त्याआधी ए, बी आणि सी अशा तीन काल्पनिक, स्पिन नसलेल्या कणांचं खेळण्यातलं जग उभं करतो आणि फाइनमन आकृत्यांचे नियम त्यावर शिकवतो. शिकवणाऱ्याच्या दृष्टीनं इतकी सुंदर पायरी मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात पाहिलेली नाही. सायकलला मागे दोन छोटी चाकं लावावीत तसं. म्हणून तुमच्यासाठी आधी ग्रिफिथ्स सातव्या प्रकरणापर्यंत, मग थॉमसन.

चिकित्सक

पिंगळासरांशी सहमत होण्याची पाळी माझ्यावर क्वचित येते, नोंद व्हावी. फक्त 'न्यूट्रिनो नेहमी डावखुरा' हे त्याला वस्तुमान नाही असं धरून. १९९८ पासून ते तितकं काटेकोर राहिलेलं नाही, जरी या हिशोबात फरक पडत नसला तरी.

पिंगळा

तुम्ही हे लिहिणार याची खात्री होती म्हणूनच सोडलं होतं.

बखरकार

अवांतर: ज्यांना मूळ शोधनिबंधच वाचायचे आहेत त्यांनी कान आणि गोल्डहाबर यांचं 'द एक्स्पेरिमेंटल फाउंडेशन्स ऑफ पार्टिकल फिजिक्स' बघावं. मूळ निबंध छापलेत आणि प्रत्येक प्रकरणाआधी संदर्भ समजावून सांगितलाय. नोव्हेंबर १९७४ मध्ये दोन वेगळ्या गटांनी एकच कण शोधला, एकानं त्याला जे म्हटलं, दुसऱ्यानं साय. वाद मिटेना म्हणून आजही त्याचं नाव जे-साय आहे.

उचापती

क्षेत्र सिद्धांताचं नावच निघालंय तर काका, पेस्किन विकू नका. दोनेक वर्षांनी लागेल. मधल्या काळात लँकेस्टर आणि ब्लंडेल यांचं 'क्वांटम फील्ड थिअरी फॉर द गिफ्टेड अमॅच्युअर' आहे, छोटी छोटी प्रकरणं, रात्रीच्या तासाला पुरतील अशी. डेव्हिड टाँग यांची क्षेत्र सिद्धांतावरची टिपणं तर फुकटच आहेत. पण आत्ता नाही!

लोलक

सर्वांचे आभार. ठरलं: टेलर-व्हीलर ऊर्जा-संवेगापर्यंत, मग ग्रिफिथ्सची तीन प्रकरणं, शेजारी त्यांचंच क्वांटम. फाइनमन बाणांसाठी, पण दिवसा. थॉमसन अजून घेत नाही, कपाटात चौथी वाचनखूण नको. कुठवर आलो ते इथेच कळवेन.

लोलक

सात आठवडे झाले. धागा वर आणतोय, माफ करा.

टेलर-व्हीलरला तीन आठवडे गेले. म्यूऑनवर बसून पाहिलं तर हवेचा थरच आकसलेला दिसतो, हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही. मुलीला हिग्जच्या उंचवट्याचा हिशोब कागदावर करून दाखवला. तिनं विचारलं, "मग इतके लाख आकडे कशाला?" म्हणजे बहुतेक तिला माझ्यापेक्षा जास्त कळलंय.

आता मुद्दा. ग्रिफिथ्सचं पहिलं प्रकरण मी इतिहास म्हणून भराभर वाचून काढलं होतं. तिसऱ्यात स्थिर पायॉन म्यूऑन आणि न्यूट्रिनोत फुटतो ते उदाहरण आहे, म्यूऑनचा वेग काढायचा. सारणीतून वस्तुमानं घेतली, पायॉन १३९.५७, म्यूऑन १०५.६६. संवेग आला २९.८ एमईव्ही भागिले सी, वेग प्रकाशाच्या ०.२७१ पट. पुस्तकाशी जुळलं. मग लक्षात आलं की यात मला निवडायला काहीच नव्हतं. दोन वस्तुमानं दिली की वेग ठरलाच, दर वेळी तोच.

तेव्हा पहिल्या प्रकरणाकडे परत गेलो. १९४७ मध्ये छायाचित्रणाच्या जाड इमल्शनमध्ये पायॉन थांबल्यावर निघणाऱ्या म्यूऑनच्या रेघा मिळाल्या, त्या जवळजवळ एकाच लांबीच्या, साधारण ०.६ मिलिमीटर. पहिल्यांदा वाचताना हे मला निव्वळ तपशील वाटलं होतं. आता ती रेघ बघून कळतं की म्यूऑनसोबत न दिसणारा एकच कण उडाला. दोन असते तर त्यांनी ऊर्जा कशीही वाटून घेतली असती आणि रेघा लहानमोठ्या आल्या असत्या. पुढे तो म्यूऑन इलेक्ट्रॉनमध्ये फुटतो तेव्हा इलेक्ट्रॉनची ऊर्जा दर वेळी वेगळी. म्हणजे तिथे न दिसणारे निदान दोन.

नुसत्या रेघेच्या लांबीवरून न दिसणारे कण मोजता येतात, हे इतक्या वर्षांच्या वाचनात मला कधीच दिसलं नव्हतं.

कातरवेळ

लोलक, वाचून फार बरं वाटलं. तुमच्या मुलीला सांगा, प्रश्न बरोबर आहे. लाखो आकडे नसते तर उंचवटा की योगायोग हे सांगता आलं नसतं. सांख्यिकीवर वेगळा धागा काढावा लागेल.

मितभाषी

म्यूऑन स्थिर असताना फुटला तर इलेक्ट्रॉनला जास्तीत जास्त किती ऊर्जा मिळेल?

लोलक

थांबा, करतो.

दोन्ही न्यूट्रिनो एकाच दिशेला आणि इलेक्ट्रॉन बरोबर उलट गेला तर सगळ्यात जास्त. मग ते दोघं मिळून एकच वस्तुमान नसलेला कण धरता येतो आणि गणित पुन्हा पायॉनचंच. ५२.८ एमईव्ही?

मितभाषी

हो.